मृगाच्या आधी काचेची पिचकारी

गाडीच्या पुढच्या काचेवर पिचकारीचं पाणी उडत नाही हे कळतं कधी, तर समृद्धी महामार्गावर सांजेला किडे काचेवर फुटून चिकटल्यावर. ताशी 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन सेकंद काच माखलेली राहिली की शंभर मीटर आंधळेपणानं. म्हणून नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, संपला की मृगाच्या आत एक सकाळ यासाठी राखून ठेवा. तीही आठच्या आत, नंतर नागपुरात बोनेटला हात लावायची सोय नसते.

सामान आदल्या रात्रीच एका डब्यात काढावं. शिवणाची बारीक सुई, जुना टूथब्रश, टॉर्च, पांढरं व्हिनेगर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, बादली आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच अँपिअरचे दोन फ्यूज. शिवाय घरातलं एक माणूस. स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढणारा आत आणि कान देणारा बाहेर, असं केल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

त्याआधी पिचकारीच्या पाण्याची टाकी. हसू नका, निम्म्या वेळा तीच रिकामी असते. झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र असतं ते बघूनच उघडा. कूलंटची टाकी जवळपासच असते, आणि तापलेल्या इंजिनावर ती उघडणं म्हणजे हात भाजून घेणं. पाणी भरलं की गाडीखाली टॉर्च मारून कुठं ठिपकतंय का पाहा.

मग कानाचं काम. इंजिन आणि एसीचा पंखा बंद, किल्ली ऑनवर, दांडी ओढायची. गेल्या वर्षी एका गॅरेजात बोनेट न उघडताच "मोटर गेली", म्हणजे टाकीतलं पाणी काचेकडे ढकलणारी, असं सांगितलं होतं. घरी मी आत बसलो, पोरगा बाहेर उभा. म्हणाला, "बाबा, घर्र करून राहिलं, पण पाणी नाही येऊन राहिलं." म्हणजे मोटर जिवंत. बोनेटच्या आतली गादी थोडी सोडवली तर नळी उंदरानं कुरतडलेली, आणि सगळं पाणी गादीत मुरत होतं. नवी आणताना जुना तुकडा दुकानात नेला, नाहीतर जाडी चुकते.

आवाज आहे आणि नळीही धड आहे, तर ती नोझलपासून, म्हणजे धार उडवणाऱ्या तोटीपासून, सोडून पुन्हा दांडी ओढा. नळीतून जोरात धार आली की दोष नोझलचा, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तोच निघतो. बोअरचं जड पाणी, त्यात उन्हाळाभर बोनेट तव्यासारखं तापलेलं. छिद्रातला थेंब सुकतो आणि क्षार मागं राहतो. कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो ना, तोच. व्हिनेगरचे थेंब सोडून तासभर थांबा, सांडलेलं लगेच पुसा, ब्रशनं घासा, मग सुई अलगद. जोर लावाल तर छिद्र मोठं होतं आणि धारेची लाळ होते. नळीतूनच धार मरतुकडी आली तर टाकीत मोटरपाशी असलेल्या जाळीवर बहुधा हिरवं शेवाळ धरलेलं असतं. मोटर रबरी बुचात दाबून बसवलेली असते, ओढली की टाकीभर पाणी खाली येतं. बादली त्यासाठीच.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज. तो ठीक असेल तर मोटरचा कनेक्टर काढून दोन्ही पिनांना टेस्ट लॅम्प लावा आणि आतल्याला दांडी ओढायला सांगा. दिवा लागला तर मोटर बदला. नाही लागला तर वायरिंग किंवा दांडीतला स्विच, तिथं इलेक्ट्रिशियनच हवा. ज्या गाड्यांत एकच मोटर उलटसुलट फिरून मागच्या काचेलाही पाणी देते, तिथं मागं उडालं की मोटर सुटली संशयातून. बंपर काढल्याशिवाय हात पोचत नसेल तर हट्ट करू नका. पण गॅरेजात जाताना "आवाज येतो" की "येत नाही" हे सांगून जा.

शेवटी भरायचं पाणी. शॅम्पूची पुडी ओतू नका, फेस होतो आणि काचेवर ओरखड्यासारख्या रेषा सुकतात. घरच्या एसीच्या नळीतून ठिपकणाऱ्या पाण्यात क्षार नसतो. फडक्यातून गाळून तेच भरा. आमच्या गॅलरीत त्यासाठी पाच लिटरचा कॅन ठेवलेला असतो, उरलेलं तुळशीला जातं.