आतडी आणि मेंदू यांना मानवेल असे कोल्हापुरी ताट कसे मांडावे?

परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. मात्र पोटाकडूनही मेंदूकडे सतत निरोप जात असतात, हे सहसा ध्यानात येत नाही. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे संदेश नेतात. मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन हे रसायन शरीरात सुमारे ९० टक्के आतड्यांतच तयार होते, पण ते रक्तातून थेट मेंदूत शिरत नाही; म्हणून अमुक पदार्थ खाताच मन प्रसन्न होईल, या दाव्यावर विसंबू नये. आहाराचा परिणाम सावकाश आणि बराचसा जिवाणूंच्या मार्गाने होतो. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. या आम्लांनी आतड्याच्या अस्तराचे पोषण होते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला देणाऱ्या संप्रेरकांनाही चालना मिळते.

सुरुवात मिसळीपासूनच करावी, कारण कोल्हापूरकराला मिसळ सोडायला सांगणे मला मुळातच अयोग्य वाटते. मोड आलेली मटकी आणि वरून घातलेला कच्चा कांदा हे या जिवाणूंचे उत्तम खाद्य आहे. उणीव असते ती सोबतच्या मैद्याच्या ब्रेडमध्ये. घरी मिसळ करताना मटकी वाढवावी, कटावरची तर्री बेताने घ्यावी आणि ब्रेडऐवजी ज्वारीची भाकरी घ्यावी. तांबडा-पांढरा रस्सा असेल त्या दिवशी ताटात काकडी किंवा गाजराची कोशिंबीर आणि एखादी पालेभाजी असू द्यावी. मात्र कडधान्ये एकदम वाढवल्यास पोट फुगते, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज अर्धी वाटी उसळ पुरे. पुढे तीन-चार आठवड्यांत ती वाढवावी आणि पाणीही त्या मानाने अधिक प्यावे.

आंबवलेल्या पदार्थांसाठी महागडी बाटली विकत घेण्याची गरज नाही. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेत जिचा नैवेद्य दाखवला जातो, ती आंबील आपल्या घरातलीच आहे. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ वाटीभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी ते दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडावे आणि दाटसर शिजवावे. उकळण्याने ताकातले उपयुक्त जिवाणू मरतात. त्यामुळे आंबील पुरती निवल्यावरच तीत ताजे ताक, ठेचलेला लसूण आणि थोडे मीठ घालावे, ही पायरी चुकवू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३६ जणांवरील अभ्यासात, दही किंवा केफिर (आंबवलेले दूध) यांसारखे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढल्याचे आढळले. अभ्यास लहान होता, तरी रोजच्या ताकाची सवय टिकवण्यास तेवढा आधार पुरेसा आहे.

खाण्याची निवड बिघडते ती बहुधा सायंकाळी पाचच्या सुमारास, दुपारचे जेवण अपुरे आणि झोपही अपुरी झालेली असताना. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोड-तळलेल्याची ओढ लागते, तेव्हा केवळ मनोनिग्रहावर भिस्त ठेवण्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा पेरू आधीच पिशवीत ठेवावा.

शौचातून रक्त जाणे, कारणाविना वजन घटणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी यांवर आंबील हा उपाय नव्हे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे, आणि मनाच्या आजारावरील औषधे चालू असतील तर ती आहाराच्या भरवशावर बंद करू नयेत.