साप भक्ष्य गिळत असताना या चुका टाळा

पावसाळ्यात खाचराच्या बांधावरून बेडकाचा एक आवाज येतो. नेहमीच्या डरांव-डरांवपेक्षा वेगळा, ताणलेला, लहान मूल कळवळल्यासारखा. एकदा तो ओळखीचा झाला की बघायला जायची गरज उरत नाही. पाणदिवडाने बेडूक धरलेला असतो. मग बघ्यांपैकी कुणीतरी काठी घेऊन पुढे होतंच. हेतू वाईट नसतो, पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: साप गिळताना जबडा निखळवतो, म्हणजे त्या वेळी तो लुळा आणि अडचणीत असतो. पुढच्या बहुतेक चुका या समजुतीतून निघतात.

निखळत काहीच नाही. आपल्या खालच्या जबड्याचे दोन भाग तान्हेपणीच हनुवटीपाशी सांधले जातात. सापाचे सांधलेच जात नाहीत, मध्ये फक्त ताणले जाणारे बंध असतात. मागे, कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये एक जादा हाड असतं, ते बिजागरीसारखं बाहेर झुलतं. आपल्या कानातली हातोडा, ऐरण आणि रिकीब शाळेत पाठ केलेली आठवतात? त्यातली ऐरण म्हणजे हेच हाड. आपल्याकडे ते आक्रसून कानात गेलं, सापाने तोंडाच्या कामाला ठेवलं. वरच्या जबड्याची आणि टाळूची हाडंही डावी-उजवी स्वतंत्रपणे हलतात. डावी बाजू पुढे सरकते, दात रुतवते, मग उजवी सुटून पुढे जाते. साप भक्ष्य आत ओढतो असं दिसतं, पण खरं तर तो आपलं तोंड त्याच्यावर चढवत नेतो. उशीला अभ्रा चढवतो ना, एकदा या कोपऱ्याला, एकदा त्या, अगदी तसं.

ओढून सोडवायला जाऊ नका

लहानपणी मी हे केलं आहे. बेडकाचे बाहेर राहिलेले पाय धरून ओढला. तो सुटला, पण सोलवटलेला, आणि थोड्या वेळात मेला. बिनविषारी सापांच्या वरच्या जबड्यात सहसा दातांच्या चार रांगा असतात, खाली दोन, आणि सगळे दात घशाकडे वळलेले. गळाला लागलेला मासा उलटा ओढल्यावर जे होतं तेच इथे होतं. सापाचे दात मोडतात, हिरड्या फाटतात. वाचत कुणीच नाही.

‘तोंड भरलंय, चावणार कसा?’ या भरवशावर तर अजिबात राहू नका. धोका वाटला की साप घास सोडून देतो, आणि तोंड मोकळं होतं. समोर नाग असेल तर पुढचं सांगायला नको.

‘श्वास अडकलाय’ म्हणून मदत करू नका

अर्धं भक्ष्य बाहेर, साप निपचित. लोक पाणी ओततात, काठीने ढोसतात. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळ असतं आणि ते तो घासाखालून पुढे, कधी ओठांबाहेरही काढू शकतो. घास तोंडात असताना श्वास चालू असतो. तो थांबलाय कारण दमलाय.

सुस्त अजगराभोवती गर्दी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. शेतात बकरीचं करडू गिळलेला अजगर दिसला की फोटो, शेपूट ओढणं, हातात घेऊन वजनाचा अंदाज. सापाला छातीचं मधलं हाड नसतं, बरगड्या खालून सुट्या असतात, म्हणून पोट तेवढं फुगतं. तेवढं ओझं घेऊन पळता येत नाही, मग तो करडू ओकून टाकतो. ते पचवण्यासाठी त्याच्या शरीराने आतडी आणि यकृत वाढवायला सुरुवात केलेली असते, ती सगळी मेहनत वाया जाते. कुणी म्हणेल, निदान करडू तरी परत मिळालं. मिळतं ते मेलेलंच. शिवाय अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावणं गुन्हा ठरू शकतो. लांब उभे राहा, कुत्री बांधा, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

जांभईला घाबरून काठी उगारणं ही त्याच घोळक्यातली चूक. गिळून झाल्यावर साप दोन-तीनदा मोठा आ वासतो, कधी जबडा वाकडातिकडा करतो. विस्कटलेली हाडं जागच्या जागी बसवण्याचं काम चाललेलं असतं.

डोक्यावरून अंदाज

खुराड्याला जाळी मारताना लोक सापाचं डोकं बघून फट ठेवतात: ‘एवढ्याशा तोंडात अंडं कसं जाईल?’ जातं. मग फुगलेलं पोट त्याच फटीतून बाहेर पडत नाही आणि सकाळी साप खुराड्यातच सापडतो. नायलॉनच्या जाळीत अडकला असेल तर सर्पमित्र येईपर्यंत ओढाताण करू नका. खवले शेपटीकडे झुकलेले असतात, मागे खेचलं की दोरा त्यांच्याखाली शिरून कातडी कापतो. जाळीच कापावी लागते, एकेक दोरा करून, आणि कापणाऱ्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाने डोकं सांभाळलेलं असावं लागतं.