बेळगाव परिसरातील घरबागेला उन्हाळ्यात पाणी देताना

बेळगाव शहराची तहान राकसकोप आणि हिडकल या जलाशयांवर भागते. तेच पाणी उन्हाळ्यात बागेवर मोकळे सोडायचे नसेल, तर वार ठरवून पाणी घालण्याची सवय सोडून आधी माती तपासावी. खुरप्याने वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबावी. तिचा गोळा होत असेल तर थांबावे, भुगा होऊन गळत असेल तरच पाणी द्यावे. खानापूरकडील तांबडी, जांभ्याची माती पाणी लवकर सोडते, म्हणून तिला थोडे पण वरचेवर द्यावे लागते. अथणीकडील काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तिथे दोन पाळ्यांत अधिक अंतर चालते.

सर्वाधिक पाणी हिरवळ पिते. 100 चौरस मीटर हिरवळीवर 5 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी 500 लिटर लागतात. बसण्याउठण्यापुरती हिरवळ ठेवून उरलेल्या जागेत जास्वंद, कण्हेर, बोगनवेल लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

झाडाचे आळे बुंध्याशी न करता फांद्यांच्या घेराखाली करावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी तिकडे असतात. आळ्यावर उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर पसरावा, मात्र तो बुंध्याला टेकू देऊ नये. चिकोडी, निपाणीकडे पाचट फडातच जाळतात. ते मागून आणणे अवघड नाही.

ठिबक बसवताना अनेकांची एक गोष्ट नजरेतून सुटते. गच्चीवरील टाकी बागेपेक्षा 3 मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो आणि दाब नियंत्रित करणारे ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणाऱ्या तोट्या) त्यावर नीट चालत नाहीत. तिथे कमी दाबाचे साधे ड्रिपर किंवा बारीक मायक्रोट्यूब वापरावी, सुरुवातीला गाळणी बसवावी आणि नळीचे टोक अधूनमधून उघडून गाळ वाहू द्यावा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास ड्रिपर लवकर तुंबतात. पाणी पहाटे सोडावे. दुपारच्या उन्हावाऱ्यात फवाऱ्याचे बरेच पाणी मुळांपर्यंत पोहोचतच नाही.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो, तेव्हा सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवावा. त्यात 10 मिलिमीटर पाणी साचले, तर 100 चौरस मीटरवर 1000 लिटर पाणी पडलेले असते. त्यानंतर मुठीतली माती पुन्हा भुसभुशीत होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवावा.