सॉफ्टवेअरचा फायदा मोजताना या चुका टाळा

नवी सिस्टीम बसवून वर्ष झालं की मालक विचारतात, "एवढे पैसे घातले, मिळालं काय?" मशीद बंदरच्या पेढीपासून अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत हा प्रश्न मी ऐकला आहे. उत्तर बहुधा देता येत नाही, कारण जुने आकडे कुणी लिहूनच ठेवलेले नसतात. ही पहिली चूक आणि सगळ्यांत महागडी. ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंत किती तास लागतात, महिन्याला किती बिलं चुकीमुळे परत येतात, उधारी सरासरी किती दिवसांनी वसूल होते, हे तीन आकडे आधीचे सहा महिने नोंदवा. राहून गेलं असेल तर जुनी चलनं आणि बँकेची स्टेटमेंट काढून बसा. तारखा तिथे सापडतात.

दुसरी चूक वाचलेल्या वेळेची. दहा जणांचा रोज अर्धा तास वाचला, पंचवीस दिवसांचे १२५ तास झाले, त्याला पगाराने गुणलं की फायदा तयार! पण पगार तर तेवढाच गेला. ओव्हरटाइम बंद झाला असेल तर तो धरा. त्या वेळेत वसुलीचे फोन झाले असतील तर वाढलेली वसुली धरा. यातलं काहीच झालं नसेल तर शून्य लिहा.

वसुलीच्या हिशेबातही घोटाळा होतो. समजा वर्षाची विक्री १२ कोटी आहे आणि बिलं वेळेवर जाऊ लागल्याने उधारी ६० दिवसांवरून ५२ वर आली. आठ दिवसांच्या विक्रीएवढे, म्हणजे सुमारे २६ लाख रुपये मोकळे झाले. हे २६ लाख नफा म्हणून दाखवलेले मी पाहिले आहेत. ते तुमचेच पैसे, फक्त लवकर आले. कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून लागेल तसं उचललेल्या कर्जावर, १२ टक्के व्याज जात असेल तर वर्षाची खरी बचत सव्वातीन लाखांच्या आत आहे. खर्चाच्या बाजूला मात्र लायसन्सबरोबर प्रशिक्षण, जुना डेटा चढवणं, वार्षिक देखभाल आणि दोन्ही पद्धती एकत्र चालवलेले महिनेही येतात.

जुलैची तुलना दिवाळीच्या महिन्याशी करू नका. पावसात गाड्या अडकतात, दिवाळीत विक्री आपोआप वाढते. गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या. दोन गोदामं असतील तर आधी एकातच सिस्टीम सुरू करा, म्हणजे भाववाढीचा परिणाम कोणता आणि सिस्टीमचा कोणता हे वेगळं दिसेल.

आणि घाई नको. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच लिहिलं होतं की संगणक सगळीकडे दिसतात, उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाहीत. आपल्या दलाल स्ट्रीटवर पाहा. १९९५ मध्ये शेअर बाजाराच्या रिंगमधली, म्हणजे दलाल उभे राहून सौदे करायचे त्या जागेतली, आरडाओरड जाऊन सौदे संगणकाच्या पडद्यावर आले, तरी शेअर कागदीच होते. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, डीमॅट आलं, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकातल्या नोंदीत राहू लागले, नियम बदलत गेले. २००३ मध्ये व्यवहार दोन दिवसांत आणि २०२३ मध्ये एका दिवसात पुरे होऊ लागले. पडदा लावला तेव्हाच हिशेब मिटवला असता तर यातलं बरंचसं मोजलंच गेलं नसतं. कामाची रीत बदलते तेव्हा फायदा येतो.

म्हणून रोज किती जणांनी लॉगिन केलं, हा आकडा मला फारसा पटत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर अजून एक्सेलच्या शीट फिरतात का, टेबलावर जुनी वही आहे का, ते पाहा. भिवंडीच्या एका गोदामात डिस्पॅचचे काका लाल वही सोडत नव्हते. ओरडण्याऐवजी त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं, अर्धी भरलेली गाडी दाखवायला स्क्रीनवर जागाच नव्हती. तो एक रकाना वाढवला. पंधरा दिवसांत वही बंद झाली, आणि आम्ही मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू केली.