रेडिओ दीर्घिकेचा वर्णपट कसा वाचावा

नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत आणि त्यांनी १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाच्या यादीत सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत. त्यांपैकी एखादा स्रोत, म्हणजे बहुधा रेडिओ लहरी सोडणारी दीर्घिका, किती दूर आहे आणि त्याच्या केंद्रातले कृष्णविवर वायू कोणत्या रीतीने गिळत आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र केवळ रेडिओ नकाशावरून मिळत नाहीत. ती दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात शोधावी लागतात. बरीचशी सामग्री इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असल्याने चिकाटी असलेला कोणीही हे काम घरच्या संगणकावर करू शकतो.

सुरुवात यादीपासून करावी. एनव्हीएसएस आणि फर्स्ट ही अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीची १.४ गिगाहर्ट्झवरील दोन सर्वेक्षणे आणि न्यू मेक्सिकोतील २.५ मीटर दुर्बिणीचे एसडीएसएस हे दृश्य प्रकाशाचे सर्वेक्षण, या तिघांत समाविष्ट असलेला आकाशाचा एक तुकडा निवडावा. तीव्रतेची खालची मर्यादा, समजा ५ मिलिजान्स्की (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचे एकक), आधीच ठरवावी आणि नंतर एखादा मंद पण देखणा स्रोत सापडला म्हणून ती हलवू नये. तसे केले की सर्वेक्षण उरत नाही, आवडीच्या वस्तूंचा संग्रह उरतो.

पुढची पायरी यजमान दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरींचा उगम असलेली दीर्घिका, ओळखण्याची, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. अनेक रेडिओ दीर्घिकांच्या केंद्रातून दोन विरुद्ध दिशांना झोत निघतात व दूरवर दोन लोब, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारे फुगीर भाग, तयार होतात. एनव्हीएसएसची विभेदनक्षमता, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, ४५ विकला आहे (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तर फर्स्टची सुमारे ५ विकला. त्यामुळे पहिल्या यादीत एकच दिसणारी वस्तू दुसरीत दोन किंवा तीन स्वतंत्र नोंदी होऊन बसते. लोबच्या जागी छायाचित्रात बहुधा काहीच नसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखादी असंबद्ध दीर्घिका असते आणि निर्देशांकांची यांत्रिक जुळणी तिलाच यजमान ठरवते. म्हणून छायाचित्रावर रेडिओच्या समोच्च रेषा काढून प्रत्येक विस्तारित स्रोत डोळ्यांनी पाहावा आणि दोन लोबच्या मधल्या भागात, बहुतेक वेळा लंबवर्तुळाकार अशी दीर्घिका शोधावी. योगायोगाने किती जुळण्या होतात हे कळण्यासाठी सर्व रेडिओ स्थाने मुद्दाम काही कला (एक कला म्हणजे ६० विकला) सरकवून जुळणी पुन्हा करावी. या वेळी मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या जुळण्या खोट्या असतात आणि त्यांची संख्या हाच मूळ यादीतल्या खोट्या जुळण्यांचा अंदाज असतो.

आता वर्णपट उघडून ताम्रसृती, म्हणजे त्यातल्या रेषा लाल टोकाकडे किती सरकल्या आहेत ते प्रमाण, काढावी; अंतर तिच्यावरूनच कळते. हंस तारकासमूहातील सिग्नस ए या रेडिओ दीर्घिकेचे जुने उदाहरण घेऊ. तिची ताम्रसृती ०.०५६ असल्याचे बाडे आणि मिंकोव्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला १.०५६ ने गुणायचे: दोनदा आयनित ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) रेषा ५२८७ वर येते, तिची ४९५९ ची जोडीदारीण ५२३७ वर, आणि तिची उंची पहिलीच्या साधारण एक तृतीयांश असते. ही जोडी दिसली की ओळख पक्की समजावी. एकाच रेषेवरून ताम्रसृती ठरवू नये. याच दीर्घिकेची हायड्रोजन-अल्फा रेषा ६९३० च्या आसपास पडते, जिथे पृथ्वीच्या वातावरणातला ऑक्सिजनही प्रकाश शोषतो, तेव्हा तेथील मोजमाप जपून वापरावे. आणखी एक बारकावा असा, की एसडीएसएसच्या तरंगलांबी निर्वातातील असतात. त्यात हीच रेषा ५००८.२ असते.

रेषा मोजण्यापूर्वी ताऱ्यांचा प्रकाश वजा करावा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळता येत नाही. ताऱ्यांच्या वातावरणातील हायड्रोजन ४८६१ अँगस्ट्रॉमला, म्हणजे बीटा रेषेच्या जागीच, शोषण करतो. तो खड्डा न भरता मोजले तर उत्सर्जन कमी भरते आणि ऑक्सिजनचे त्याच्याशी गुणोत्तर फुगते. मग शांत दीर्घिकाही उगाच उग्र दिसू लागते.

वर्गीकरणासाठी उत्तेजन निर्देशांक, म्हणजे वायू किती जोमाने उत्तेजित झाला आहे हे सांगणारा आकडा, वापरावा. ऑक्सिजन ५००७ आणि हायड्रोजन-बीटा यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदममधून, नायट्रोजन ६५८३, गंधकाची ६७१६ व ६७३१ ही जोडी आणि ऑक्सिजन ६३०० यांच्या हायड्रोजन-अल्फाशी असलेल्या गुणोत्तरांच्या लॉगरिदमची सरासरी वजा करायची. समजा, पहिले गुणोत्तर १० आणि बाकीची अनुक्रमे १, ०.५ व ०.१ आली, तर सरासरी सुमारे उणे ०.४३ आणि निर्देशांक १.४३ होतो. ०.९५ च्या वर उच्च उत्तेजनाचा वर्ग, खाली निम्न. पहिल्या वर्गात कृष्णविवराभोवती वायूची तेजस्वी चकती असते असे मानले जाते. दुसऱ्यात वायू फारसा प्रकाश न देताच आत पडतो.

१९७४ च्या फॅनारॉफ-रायली वर्गीकरणाशी याची गल्लत करू नये. ते रेडिओ आकारावर आधारलेले आहे: पहिल्या प्रकारात केंद्राजवळचा भाग तेजस्वी असतो, दुसऱ्यात लोबच्या बाहेरच्या कडा. त्यातला पहिला प्रकार जवळपास नेहमी निम्न उत्तेजनाचा असतो, दुसऱ्यात मात्र दोन्ही वर्ग सापडतात.

एसडीएसएसचे मूळ वर्णपट ९२०० अँगस्ट्रॉमला संपत असल्याने ०.४ पेक्षा अधिक ताम्रसृतीला हायड्रोजन-अल्फा हाती लागत नाही. तेव्हा ऑक्सिजन ५००७ ची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या सलग प्रकाशाच्या तुलनेत रेषेची ताकद) ५ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त, म्हणजे उच्च उत्तेजनाची, आहे का, एवढेच पाहावे. रेषेचे मूल्य तिच्या त्रुटीच्या तिपटीहून कमी असेल, तर ती दीर्घिका कोणत्याही वर्गात न ढकलता ‘अनिश्चित’ या रकान्यात, त्रुटीच्या तिपटीची वरची मर्यादा लिहून, ठेवावी.