फोनच्या पोर्टवर ट्रस्ट कसा लावायचा: कॅटॅलिस्ट २९६० आणि ३७५०

साइटवर नवीन आलेल्या मुलांना मी पहिलं हेच सांगते: सिस्कोच्या या नेटवर्क स्विचवर 'एमएलएस क्यूओएस' (कुठल्या पॅकेटला आधी वाट द्यायची ती सोय चालू करणारी) एवढीच कमांड टाकून उठू नका. ती नसते तोवर स्विच पॅकेटवरच्या मार्किंगला, म्हणजे ते किती महत्त्वाचं हे सांगणाऱ्या आकड्याला, हात लावत नाही, आलं तसं पुढे सोडतो. ती पडली की सगळे पोर्ट अनट्रस्टेड होतात, म्हणजे तिथे आलेलं मार्किंग खरं मानलं जात नाही, आणि फोनने नीट ४६ (आवाजाचं डीएससीपी मार्किंग) लावून पाठवलेलं पॅकेट बाहेर पडताना ० झालेलं असतं. म्हणजे आवाज सुधारायला गेलो आणि फोनचं पॅकेट फाइल कॉपीच्या रांगेत जाऊन बसलं.

म्हणून आधी पोर्टची यादी करा. फोन कुठे, नुसता पीसी कुठे, अपलिंक, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणारी जोडणी, कुठली. नुसत्या पीसीचे पोर्ट अनट्रस्टेडच राहू द्या. लॅपटॉपवरचं कुठलंही सॉफ्टवेअर स्वतःच्या पॅकेटवर ४६ लावू शकतं.

फोनच्या पोर्टवर दोन ओळी लागतात: 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट सीओएस' आणि 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन'. दुसऱ्या ओळीमुळे सीडीपीवर (सिस्कोची उपकरणं एकमेकांना ओळख देतात तो प्रोटोकॉल) फोन दिसला तरच ट्रस्ट लागू होतो. कुणी फोन काढून तिथे लॅपटॉप लावला की ट्रस्ट गेला. "डीएससीपी का नाही, सीओएस का?" असं मुलं हमखास विचारतात. सीओएस हे व्हीलॅन (एकाच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) टॅगमधले ३ बिट, ० ते ७. फोन आपला आवाज व्हॉइस व्हीलॅनमध्ये टॅग लावून पाठवतो, पण त्याच्या मागे जोडलेल्या पीसीची फ्रेम विनाटॅग येते. टॅगच नाही म्हटल्यावर तिला पोर्टचा डिफॉल्ट सीओएस मिळतो, म्हणजे ०. डीएससीपी मात्र आयपी हेडरमध्ये असतो, ६ बिट, ० ते ६३. तो ट्रस्ट केलात तर फोनबरोबर मागच्या पीसीचंही मार्किंग खरं मानलं जाईल.

आता खरी मेख. सीओएस ट्रस्ट केला की स्विच डीएससीपी स्वतःच्या तक्त्यावरून नव्याने लिहितो, आणि मूळ तक्त्यात सीओएस ५ म्हणजे डीएससीपी ४०, ४६ नव्हे. चाकणच्या एका कारखान्यात फोनवर बोलणं तुटायचं, तेही बॅकअप चालू असतानाच. राउटरवर प्रायॉरिटी फक्त ४६ ला दिलेली, आणि स्विचमधून येत होतं ४०. राउटरचं कॉन्फिग कितीही वाचलं तरी त्यात चूक सापडणार नव्हती. इलाज एका ओळीचा: 'एमएलएस क्यूओएस मॅप सीओएस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६'. ही ओळ प्रत्येक ॲक्सेस स्विचवर, म्हणजे फोन आणि पीसी जोडलेल्या स्विचवर, हवी.

अपलिंकवर 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी', आणि दोन्ही टोकांना. प्रत्येक स्विच आत येणाऱ्या पॅकेटबद्दल आपलं आपण ठरवतो. एक टोक राहिलं तर एकाच बाजूचा आवाज खराब येतो आणि शोधता शोधता दिवस जातो. बाहेर जाताना आवाजाला पुढे काढायला त्याच पोर्टवर 'प्रायॉरिटी-क्यू आउट' लावा.

मग तपासणी. एक कॉल चालू ठेवा आणि 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस' यापुढे पोर्टचं नाव आणि 'स्टॅटिस्टिक्स' असं द्या. डीएससीपीच्या तक्त्यात ४५ ते ४९ अशी ओळ असते, तिच्यातला दुसरा आकडा ४६ चा. जी.७११ कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवत असेल तर सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे १० सेकंदांनी आकडा साधारण ५०० ने वाढलेला हवा. फोनच्या पोर्टवर 'इनकमिंग' बघा, अपलिंकवर 'आउटगोइंग'. आत ४६ आणि बाहेर ४० दिसलं तर मॅप राहिला. बाहेर ० दिसलं तर ट्रस्ट लावायचा राहिला.

हे सगळं या जुन्या स्विचचं. कॅटॅलिस्ट ९३०० वर 'एमएलएस' कमांडच नाहीत आणि वायर्ड पोर्ट मुळातच ट्रस्टेड असतात. तिथे काम उलटं: पीसीच्या पोर्टवर इनपुट पॉलिसी (आत येणाऱ्या पॅकेटसाठीचा नियम) लावून नको असलेलं मार्किंग आपणच ० करायचं.