दूरचित्रवाणीवर पाहून घेतलेली वस्तू निराश करते तेव्हा

पडद्यावर एकदा हात फिरवताच नाहीसा होणारा डाग घरी घासघासूनही हलत नाही, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण ती वस्तू माळ्यावर टाकतात आणि आपणच भुललो याची लाज वाटून गप्प बसतात. ही लाज आधी बाजूला ठेवावी, कारण दिलेल्या आश्वासनाप्रमाणे वस्तू मागणे हा व्यवहाराचाच भाग आहे. 15 मार्च 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ग्राहकाचे जे चार हक्क मांडले, त्यांत सुरक्षितता, माहिती आणि निवड यांच्याबरोबर आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्कही होता.

पहिले काम म्हणजे जाहिरात नेमके काय म्हणाली हे लिहून काढणे. ‘आयुष्य बदलून टाकणारे उपकरण’ हे नुसते कौतुक आहे. ते खोटे ठरवता येत नाही आणि त्यावर तक्रार टिकत नाही. ‘कोणत्याही पृष्ठभागावर चिकटते आणि 10 किलो वजन पेलते’ हा मात्र तपासता येणारा दावा आहे. तक्रारीचा सारा भार अशा एकदोन दाव्यांवर ठेवावा. जाहिरात पुन्हा लागली तर मोबाइलवर तिचे चित्रण करून घ्यावे आणि पडद्याच्या तळाशी क्षणभर झळकणारी बारीक अक्षरे थांबवून वाचावीत, कारण ठळक आवाजात दिलेले आश्वासन पुष्कळदा तिथेच हळूच परत घेतलेले असते.

पार्सल उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता चित्रण करावे. खोके, पावती आणि मागणी क्रमांक जपून ठेवावा. वस्तू माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे एकदा वापरून पाहावी. ती चालत नाही असे दिसल्यावरही रोज वापरत राहिल्यास आपलीच बाजू लंगडी पडते. युरोपीय संघात दूरध्वनीवरून किंवा इंटरनेटवरून घेतलेली बहुतेक प्रकारची वस्तू हाती आल्यापासून 14 दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो, पण तिथेही पारखण्यापुरत्या हाताळणीपलीकडे वापर झाला असेल तर घटलेल्या किमतीचा भार ग्राहकावर येऊ शकतो.

‘पैसे परत’ची हमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत: मुदत मागणीच्या दिवसापासून मोजली जाते की वस्तू मिळाल्यापासून, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि मागवताना भरलेली पाठवणावळ परत मिळते का. ‘दुसरी वस्तू मोफत’ या योजनेत त्या मोफत वस्तूचीही पाठवणावळ वेगळी लावलेली आढळते, आणि हमीत तीच रक्कम वगळलेली असते.

मग तक्रार लेखी करावी. दूरध्वनी केलाच, तर त्याची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक टिपून त्याच दिवशी ईमेल पाठवावा. मजकूर इतका पुरेसा आहे: ‘अमुक तारखेला, अमुक मागणी क्रमांकाने घेतलेली वस्तू जाहिरातीत सांगितलेले अमुक काम करत नाही. चित्रण सोबत जोडले आहे. पाठवणावळीसह पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करावी.’ संताप, टोमणे आणि आपल्या मनस्तापाचे वर्णन गाळावे, कारण त्यामुळे उत्तर देणाऱ्याला मूळ मुद्द्याला बगल देण्याची सोय होते.

दूरध्वनीवर पलीकडे बोलणारी विक्रेत्याची व्यक्ती बहुधा समोरचा ठरवून दिलेला कागद वाचत असते, तेव्हा तिच्यावर आवाज चढवून काही साधत नाही. ती आधी बदली वस्तू, मग सवलतीचे कूपन, मग थोडी रक्कम देऊ करील. यांतल्या कशालाही घाईने ‘बरं’ म्हटले की तक्रार मिटली अशी नोंद होऊ शकते. ‘मला बदली नको, रक्कम परत हवी आहे, आपला नकार लेखी कळवा’ हे एकच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणावे. वस्तू परत पाठवायची ठरली तर कुठे पाठवायची तो पत्ता आणि परतीचा क्रमांक लेखी मिळाल्याखेरीज ती हातची सोडू नये, आणि पोचपावती मिळेल अशाच मार्गाने पाठवावी.

दिलेली मुदत उलटली आणि पैसे कार्डाने भरलेले असतील, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून रक्कम परत वळवणे, मागावा. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही हे त्यासाठी मान्य कारण आहे, मात्र त्यालाही मुदत असते. म्हणून विक्रेत्याच्या ‘आठवडाभरात कळवतो’ या उत्तरांत महिने घालवू नयेत. रोखीने पैसे दिले असतील तर हा मार्ग बंद असतो. हा मार्ग नसेल तेव्हा आपल्या देशातील ग्राहक तक्रार यंत्रणेकडे सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावून अर्ज करावा आणि जाहिरात दाखवणाऱ्या वाहिनीलाही त्याची प्रत पाठवावी.

रक्कम परत आल्याचा संदेश आला तरी खात्यात नेमकी किती जमा झाली ते पाहावे. ‘मोफत चाचणी’ म्हणून घेतलेल्या वस्तूंच्या बाबतीत पुढच्या दोनतीन महिन्यांची खातेपत्रकेही तपासावीत, कारण वस्तू परत गेली तरी दरमहा आपोआप पैसे कापण्याची आपण दिलेली संमती तशीच चालू राहिलेली असू शकते आणि ती वेगळी रद्द करावी लागते.